छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचा फ्लॅश: कधी पडतच नाही, कधी चेहरे पांढरेफटक करतो

रानवारा:

नमस्कार. माझ्याकडे खिशात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा आहे. तो डबल ए आकाराच्या दोन सेलवर चालतो. त्याचा फ्लॅश वर उघडणारा नसून भिंगाच्या वरच्या बाजूला कोपऱ्यात कायमचा बसवलेला आहे. बराच काळ कॅमेरा कपाटात पडून होता. आता पुन्हा वापरू लागल्यावर फ्लॅशच्या तीन निरनिराळ्या अडचणी जाणवत आहेत, आणि त्यांच्यामागे एकच दोष आहे की वेगवेगळे, हे मला ठरवता येत नाही.

पहिली अडचण अशी की खोलीत उजेड कमी असूनही पुष्कळदा फ्लॅश पडतच नाही. फोटो निघतो, पण तो काळपट आणि हललेला असतो. दुसरी अशी की एक फोटो घेतल्यावर पडद्यावरचे विजेचे चिन्ह आणि शेजारचा नारिंगी दिवा बराच वेळ लुकलुकत राहतात, आणि तेवढ्या वेळात बटण कितीही दाबले तरी कॅमेरा दाद देत नाही. तिसरी अडचण फोटोच्या दर्जाची आहे. फ्लॅश व्यवस्थित पडला तरी पुढे बसलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक होतो, मागच्या रांगेतली माणसे अंधारात बुडतात आणि अनेकांचे डोळे लाल दिसतात. लांब उभे राहून झूम करून फोटो घेतला, तर सगळेच काळे येते.

कॅमेऱ्यासोबतची माहितीपुस्तिका आता माझ्याकडे नाही. दुरुस्तीला देण्याआधी घरी काय काय तपासता येईल, आणि ते कोणत्या क्रमाने तपासावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कवडसा:

आपण तिन्ही अडचणी वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे बरेच सोपे झाले आहे. माझ्या मते त्यांची कारणेही वेगवेगळीच आहेत, आणि त्यांपैकी निदान दोन तरी दोष नसून कॅमेऱ्याच्या स्वभावाचा भाग आहेत. मी येथे फक्त पहिलीविषयी लिहितो.

फ्लॅश पडत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा दोन शक्यता असतात. एक म्हणजे कॅमेराच त्याला पडू देत नाही, आणि दुसरी म्हणजे कॅमेऱ्याने सांगूनही तो पडू शकत नाही. छोट्या कॅमेऱ्यांत पहिली शक्यता कितीतरी अधिक आढळते, म्हणून आधी तीच निकालात काढावी. कॅमेरा चालू करून पडद्याच्या कडेला असलेले विजेचे चिन्ह पाहा. त्या चिन्हाच्या शेजारी ‘ए’ हे अक्षर किंवा ‘ऑटो’ असा शब्द असेल, तर फ्लॅश पाडायचा की नाही हा निर्णय कॅमेऱ्याने स्वतःकडे ठेवलेला आहे. चिन्हावर काट मारलेली असेल, तर फ्लॅश बंद आहे. नुसतेच विजेचे चिन्ह असेल, तर उजेड कितीही असो, प्रत्येक फोटोला फ्लॅश पडेल.

ऑटोमध्ये कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाचा अंदाज घेतो. खोलीतला एखादा दिवा किंवा उजेडाची खिडकी चौकटीत आली, की त्याला उजेड पुरेसा वाटतो आणि समोरची माणसे अंधारात असूनही फ्लॅश पडत नाही. शिवाय आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर असेल, तर काही कॅमेरे फ्लॅश टाळून आयएसओ वाढवणे पसंत करतात. त्यामुळे एकाच खोलीत, एकाच जागेवरून घेतलेल्या दोन फोटोंपैकी एकाला फ्लॅश पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, असे सहज घडू शकते. यावरचा उपाय सरळ आहे. फ्लॅश हवा असेल तेव्हा ऑटोवर विसंबू नये, नुसत्या विजेच्या चिन्हाची रीत निवडावी. पाठीमागे खिडकी किंवा आकाश असताना चेहरा काळवंडतो, तेव्हाही भर दुपारी याच रीतीचा उपयोग होतो. ऑटो अशा वेळी बहुधा फ्लॅश पाडत नाही.

दुसरे असे की काही रीतींमध्ये फ्लॅश मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि मग मेन्यूतले त्याचे चिन्ह फिकट दिसते किंवा निवडताच येत नाही. एकामागून एक झटपट फोटो घेण्याची रीत, चलचित्र, डोंगराचे चिन्ह असलेली दूरदृश्याची रीत, आतषबाजी, पॅनोरमा, एकाच दृश्याचे कमी-अधिक उजेडाचे तीन फोटो घेणारी रीत, आणि काही बनावटींत आवाज बंद ठेवण्याची रीत, या सगळ्यांत बहुतेक कॅमेरे फ्लॅश पाडत नाहीत. त्याला कारणही आहे. झटपट फोटोंच्या मधल्या वेळात फ्लॅश पुन्हा भरून तयार होऊ शकत नाही, आणि डोंगरापर्यंत त्याचा उजेड पोहोचतच नाही. शांततेची रीत मात्र लक्षात येत नाही. बटणांचा आवाज नको म्हणून ती कोणीतरी लावून ठेवलेली असते आणि सोबत फ्लॅशही बंद झाला आहे, याचा उलगडा पुढे कित्येक दिवस होत नाही.

कोणती रीत लागली आहे हे कळत नसेल, तर मेन्यूत सर्व सेटिंग मूळपदावर आणण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. त्याने फोटो पुसले जात नाहीत. मात्र कार्ड फॉरमॅट करण्याचा पर्याय पुष्कळदा त्याच्या शेजारीच असतो, म्हणून नीट वाचूनच बटण दाबावे.

यानंतर एक छोटी चाचणी करावी. मंद उजेडाच्या खोलीत, रिकाम्या पांढऱ्या भिंतीपासून सुमारे २ मीटरवर उभे राहून, झूम न करता, फ्लॅश सक्तीच्या रीतीवर ठेवून फोटो घ्यावा. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूचा जो छोटा नारिंगी किंवा लाल दिवा लागतो तो फ्लॅश नव्हे. तो फोकस साधण्यासाठी किंवा डोळ्यांची लाली कमी करण्यासाठी असतो आणि अनेकदा त्यालाच फ्लॅश समजण्याची गफलत होते. भिंत उजळ आली, तर फ्लॅशची नळी आणि तिचे मंडल (सर्किट) दोन्ही ठीक आहेत. संगणकावर त्या फोटोची माहिती उघडली, तर शटरचा वेग आणि आयएसओ यांच्यासोबत फ्लॅश पडला की नाही याचीही नोंद दिसते. जुने काळपट आलेले फोटोही त्याच नोंदीवरून तपासून पाहा. तेथे फ्लॅश पडला नाही असे लिहिलेले असेल, तर आपण सेटिंगमध्येच उत्तर शोधावे.

तारयंत्र:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दुसऱ्या अडचणीविषयी, म्हणजे बराच वेळ लुकलुकणाऱ्या दिव्याविषयी, मी लिहितो. विद्युत उपकरणांची दुरुस्ती हेच माझे काम आहे.

फ्लॅश कसा चालतो हे थोडक्यात समजून घेतले, तर दोष शोधणे सोपे जाते. दोन सेल मिळून जेमतेम ३ व्होल्ट देतात, पण फ्लॅशच्या नळीला सुमारे ३०० व्होल्ट लागतात. कॅमेऱ्यातले एक छोटे मंडल सेलचा दाब वाढवून एका कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवत जाते, आणि तेवढा वेळ दिवा लुकलुकत राहतो. बटण दाबल्यावर काही हजार व्होल्टचा एक क्षणिक ठोका नळीला मिळतो, नळीतला झेनॉन वायू वाहक होतो आणि साठवलेली ऊर्जा सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात प्रकाश होऊन बाहेर पडते. मग पुन्हा भरणे सुरू. त्यामुळे दिवा लुकलुकणे हा बिघाड नाही. तो किती वेळ लुकलुकतो, हा प्रश्न आहे. ताजे सेल असताना काही सेकंद लागतात, आणि पूर्ण जोराने फ्लॅश पडल्यास थोडे अधिक. त्याहून बराच जास्त वेळ लागत असेल, तर पहिला संशय सेलवर घ्यावा.

येथे सेलचा प्रकार फार महत्त्वाचा ठरतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये चालणारे साधे झिंक-कार्बन सेल कॅमेऱ्याला उपयोगाचे नाहीत. ते इतका प्रवाह देऊ शकत नाहीत, आणि अगदी नवे असले तरी कॅमेरा लगेच सेल संपल्याची सूचना देतो. अल्कलाइन सेल चालतात, पण त्यांचा अंतर्गत रोध वापरासोबत वाढत जातो. त्यामुळे पडद्यावर सेल अर्धा भरलेला दिसत असूनही फ्लॅश भरताना दाब कोसळतो आणि वेळ लांबत जातो. पुन्हा भरता येणारे निकेल मेटल हायड्राइड सेल नावापुरते १.२ व्होल्टचेच असतात, १.५ व्होल्टचे नाहीत. तरीही त्यांचा अंतर्गत रोध कमी असल्याने ते जास्त प्रवाहाखाली दाब टिकवून ठेवतात, आणि म्हणून फ्लॅशसाठी माझी पसंती त्यांनाच आहे. ते घेताना पडून राहिल्यावर लवकर न उतरणाऱ्या प्रकारचे घ्यावेत, कारण साधे भरून ठेवलेले सेल काही आठवड्यांतच बरेच उतरतात. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असते. तेथे चुकीचा प्रकार निवडलेला असेल, तर कॅमेरा सेल संपण्याआधीच संपल्याचे सांगतो.

दोन्ही सेल एकाच प्रकारचे आणि सारखेच भरलेले असावेत. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नये. सेलची खोली उघडून तेथील पत्र्याची टोके पाहावीत. त्यांवर पांढरट किंवा हिरवट थर आलेला असेल, तर सेल गळलेला आहे. साधा मळकटपणा असेल, तर कोरड्या सुती कापडाने किंवा पेन्सिलच्या खोडरबराने टोके पुसावीत आणि खोडरबराचा भुगा आत राहू देऊ नये. थंडीतही सेलची ताकद घटते. गार जागेतून आणलेला कॅमेरा थोडा वेळ खोलीच्या तापमानाला ठेवल्यावर पुन्हा तपासून पाहावा.

आपला कॅमेरा दीर्घकाळ पडून होता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. फ्लॅशचा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असतो. त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर दीर्घकाळ विजेविना राहिला, की काहीसा खराब होतो, कपॅसिटरमधून वीज झिरपू लागते आणि तो भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. पुन्हा वीज मिळाली, की हा थर हळूहळू पूर्ववत होतो. त्यासाठी ताजे सेल घालून कॅमेरा चालू करावा, फ्लॅश पूर्ण भरू द्यावा, तसाच काही मिनिटे राहू द्यावा आणि मग भरपूर अवकाश ठेवून सक्तीच्या रीतीने काही वेळा फ्लॅश पाडावा. घाईघाईने एकामागून एक पाडू नये. त्याने नळी आणि मंडल दोन्ही तापतात. पुष्कळ कॅमेरे एवढ्यानेच सुधारतात. पुढेही कॅमेरा कपाटात ठेवायचा असेल, तर सेल काढून ठेवावेत आणि अधूनमधून ते घालून फ्लॅश पाडत जावा.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. काहीही झाले तरी कॅमेऱ्याचे आवरण स्वतः उघडू नये. सेल काढल्यानंतरही तो कपॅसिटर बराच काळ भरलेला राहू शकतो, आणि ३०० व्होल्टचा धक्का ही हलक्यात घेण्याजोगी गोष्ट नाही. चलचित्रे पाहून स्क्रू काढणाऱ्यांचा हात नेमका तेथेच लागतो, कारण छोट्या कॅमेऱ्यात तो कपॅसिटर सहसा मुठीच्या बाजूला, अगदी आवरणालगत बसवलेला असतो. ताजे आणि योग्य सेल घालून, टोके पुसून आणि वर सांगितल्याप्रमाणे फ्लॅश अनेकदा भरून पाडूनही दिवा लुकलुकतच राहिला, किंवा आतून जळका वास आला, तर कॅमेरा बंद करावा, सेल काढावेत आणि तो तंत्रज्ञाकडे द्यावा.

रानवारा:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने तपासले. कॅमेरा झटपट फोटोंच्या रीतीवर लागलेला होता आणि त्या रीतीत विजेच्या चिन्हावर काट दिसत होती. एकेरी फोटोच्या रीतीवर आणून फ्लॅश सक्तीचा केला, आणि आता तो दर वेळी पडतो आहे. पांढरी भिंत स्वच्छ उजळ आली. जुन्या काळपट फोटोंच्या माहितीतही फ्लॅश पडला नसल्याचीच नोंद सापडली.

सेल अल्कलाइन होते. ते काढून पुन्हा भरता येणारे सेल घातले आणि टोके पुसली. पहिल्यांदा भरायला बराच वेळ लागला, पण नंतर वेळ कमी होत गेला आणि आता दिवा काही सेकंदांतच स्थिर होतो.

तिसरी अडचण मात्र तशीच आहे. पुढचा माणूस पांढरा, मागचा काळा आणि डोळे लाल. हा फ्लॅशचा दोष आहे की माझ्या वापराचा?

सांजछाया:

दोष फ्लॅशचाही नाही आणि आपलाही नाही. एका लहानशा, भिंगाला चिकटून असलेल्या प्रकाशाकडून जे मिळू शकते तेच आपल्याला मिळते आहे. मात्र त्याच्या मर्यादा ओळखून उभे राहण्याची जागा बदलली, तर फोटो खूपच सुधारतात.

मूळ कारण अंतराचे आहे. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, तिप्पट झाले की एक नवमांश. पुढचा माणूस कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आणि मागची रांग ३ मीटरवर असेल, तर पुढच्याला मागच्यापेक्षा नऊपट प्रकाश मिळतो, आणि एवढी तफावत एका फोटोत सामावणे छोट्या कॅमेऱ्याला जमत नाही. आता आपणच १ मीटर मागे सरका. अंतरे १ आणि ३ मीटर न राहता २ आणि ४ मीटर होतात, आणि नऊपट तफावत चौपटीवर येते. त्याहून चांगले म्हणजे माणसांना एकामागे एक न बसवता कॅमेऱ्याभोवती कमानीसारखे उभे करावे, म्हणजे सर्वांचे अंतर जवळपास सारखे राहते. फोटो चांगला येण्यासाठी जेवढा उपयोग या एका गोष्टीचा होतो, तेवढा मेन्यूतल्या कोणत्याही पर्यायाचा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

चेहरा पांढरा होण्याला आणखी एक कारण आहे. खरा फ्लॅश पडण्याआधी कॅमेरा एक बारीकसा फ्लॅश पाडून परत आलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून खऱ्या फ्लॅशचा जोर ठरवतो. हे दोन्ही इतक्या लागोपाठ होतात की डोळ्यांना एकच लखलखाट वाटतो. चौकटीचा मोठा भाग दूरच्या अंधाराने व्यापलेला असेल, तर परत आलेला प्रकाश कमी भरतो, कॅमेरा फ्लॅशचा जोर वाढवतो आणि जवळचा चेहरा करपून निघतो. मेन्यूत फ्लॅशचा जोर कमी-जास्त करण्याचा पर्याय असेल, तर तो उणे दोन तृतीयांश किंवा उणे एकवर ठेवून पाहा. पर्याय नसेल, तर चेहरे चौकटीत मोठे येतील असे बसवा, किंवा माणसांना मागच्या भिंतीच्या थोडे जवळ आणा. अगदी चिकटून मात्र नको, कारण मग भिंतीवर काळी, टोकदार सावली पडते.

झूम केल्यावर सगळे काळे येते त्याचेही कारण सांगते. छोट्या कॅमेऱ्याचे भिंग झूम न करता एफ/२.८ पर्यंत उघडत असेल (एफच्या पुढचा आकडा जितका मोठा, तितके भिंगाचे छिद्र लहान), तर पूर्ण झूमवर ते बहुधा एफ/५.६ किंवा त्याहूनही बारीक होते. एफ/२.८ ऐवजी एफ/५.६ म्हणजे आत येणारा प्रकाश एक चतुर्थांश, आणि फ्लॅशचा पल्ला निम्मा. जो फ्लॅश झूम न करता ४ मीटरपर्यंत पोहोचत होता, तो त्याच आयएसओवर पूर्ण झूममध्ये २ मीटरवरच संपतो. म्हणून फ्लॅश वापरताना पायांनी जवळ जावे, झूमने नव्हे. ते शक्य नसेल, तर आयएसओ वाढवावा: १०० वरून ४०० केल्यास पल्ला दुप्पट होतो. छोट्या सेन्सरवर ४०० पर्यंतचे दाणेदारपण चालवून घेता येते. त्याच्या वर किती जायचे हे आपण स्वतः फोटो मोठा करून पाहून ठरवावे. मोठ्या सभागृहात दूरच्या मंचावर फ्लॅश टाकणे तर पूर्णपणे व्यर्थ आहे. तेथे पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात.

मागची खोली दिसायला हवी असेल, तर स्लो सिंक नावाची रीत वापरावी. काही कॅमेऱ्यांत ती माणूस आणि चंद्रकोर अशा चिन्हाखाली असते. तिच्यात फ्लॅश जवळच्या माणसांना उजळतो आणि शटर बराच वेळ उघडे राहून मागच्या दिव्यांचा उजेडही टिपून घेते. कॅमेरा टेबलावर किंवा ट्रायपॉडवर ठेवावा आणि फ्लॅश पडला तरी क्षणभर कोणी हलू नये असे सर्वांना सांगावे, नाहीतर चेहऱ्यांभोवती पुसट दुसरी छटा उमटते. खोलीतले दिवे पिवळे असतील, तर या रीतीत मागचा भाग नारिंगी येतो, कारण फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या उजेडासारखा, सुमारे ५५०० केल्विनचा असतो आणि पिवळा दिवा ३००० केल्विनच्याही खाली असतो. व्यक्तिशः मला ती ऊबदार पार्श्वभूमी आवडते, आणि मी ती दुरुस्त करत नाही.

लाल डोळ्यांचा संबंधही अंतराशीच आहे. अंधुक उजेडात बुबुळे विस्फारलेली असतात. फ्लॅश भिंगाला अगदी लागून असल्याने त्याचा प्रकाश डोळ्यात शिरून, रक्ताने भरलेल्या मागच्या पडद्यावरून परावर्तित होऊन थेट भिंगात परत येतो. जितके लांबून झूम कराल, तितका फ्लॅश आणि भिंग यांच्यातला कोन लहान होतो आणि डोळे अधिक लाल येतात. म्हणून जवळ जावे, खोलीतले सर्व दिवे लावावेत आणि डोळ्याचे चिन्ह असलेली रीत निवडावी. त्या रीतीत आधी एक दिवा लागतो किंवा फ्लॅश बारीक लुकलुकतो, त्याने बुबुळे आकुंचित होतात आणि थोड्या अवधीने खरा फोटो निघतो. दिवा दिसताच माणसे फोटो झाला असे समजून हलतात, तेवढे मात्र आधी बजावून ठेवावे. प्रकाश मऊ हवा असेल, तर फ्लॅशच्या काचेवर पातळ पांढरा कागद धरूनही पाहावा.

कवडसा:

सांजछाया यांचे उत्तर उत्तम आहे, परंतु शेवटच्या सूचनेविषयी माझे वेगळे मत नोंदवतो. कागद काचेवर चिकटवून धरला, तर प्रकाश मऊ होत नाही. सावली किती टोकदार पडते हे प्रकाश देणाऱ्या पृष्ठाच्या आकारावर ठरते, आणि काचेवरच्या कागदाने तो आकार काही वाढत नाही. शिवाय कॅमेरा आधीच्या बारीक फ्लॅशवरून मोजमाप घेत असल्याने कागदाने अडवलेला प्रकाश तो जोर वाढवून भरून काढतो. परिणामी चेहरा होता तेवढाच पांढरा राहतो, सेल मात्र लवकर उतरतात आणि पल्ला घटतो. काही कॅमेऱ्यांत प्रकाश मोजणारे छोटे छिद्र फ्लॅशच्या शेजारीच असते. ते झाकले गेले, तर मोजमापच बिघडते.

सांजछाया:

आपला मुद्दा मान्य आहे, आणि माणसांच्या फोटोंसाठी मी ती सूचना मागे घेते. फूल, नाणे किंवा किडा अशा गोष्टी अगदी जवळून टिपताना मात्र कागदाचा खरोखर उपयोग होतो, कारण तेथे कॅमेऱ्याने जोर अगदी किमान केला तरी तो जास्तच ठरतो आणि कागदाने तो खाली आणता येतो. तेथेही कागद काचेला न टेकवता दोन-तीन बोटे पुढे धरावा, म्हणजे पृष्ठ थोडे मोठे होते. फ्लॅश पडताना काचेवर बोट किंवा कागद दाबून धरू नये. तेथे बरीच उष्णता निर्माण होते. मॅक्रोमध्ये खालच्या कोपऱ्यात गोलसर काळी सावली आली, तर ती भिंगाच्या नळीची असते. तेव्हा थोडे मागे सरकून किंचित झूम करावे, किंवा फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो.

रानवारा:

माणसांना कमानीत उभे करून, झूम न करता, आयएसओ ४०० वर आणि फ्लॅशचा जोर उणे दोन तृतीयांश ठेवून फोटो घेतले. चेहरे आणि मागची भिंत दोन्ही दिसू लागले, आणि डोळ्यांची लालीही फारच कमी झाली. आणखी दोनच शंका आहेत. काही फोटोंत हवेत तरंगणारी पांढुरकी गोल वर्तुळे दिसतात, ती काच खराब झाल्यामुळे आहेत का? आणि चष्मा घातलेल्या व्यक्तीच्या काचेत फ्लॅशचा ठिपका येतो, तो कसा टाळावा?

तारयंत्र:

वर्तुळे काचेची नाहीत. हवेतली धूळ, पावसाचे थेंब किंवा धुके भिंगाच्या अगदी पुढ्यात असते. फ्लॅश तेथे सर्वात प्रखर असतो आणि ते कण फोकसच्या बाहेर असल्याने प्रत्येकाचे एक मोठे धूसर वर्तुळ उमटते. फ्लॅश भिंगाला जितका जवळ, तितकी ही वर्तुळे अधिक, म्हणून छोट्या कॅमेऱ्यांत ती हमखास दिसतात. खोली झाडल्यावर किंवा गाद्या झटकल्यावर लगेच फोटो घेऊ नये, आणि पावसात फ्लॅश बंद ठेवावा. काच खराब असेल, तर डाग प्रत्येक फोटोत एकाच जागी दिसेल. वर्तुळे दर वेळी जागा बदलतात. तरीही भिंग आणि फ्लॅशची काच दोन्ही मऊ कोरड्या कापडाने पुसून ठेवावीत, कारण फ्लॅशच्या काचेवरची घाण त्याच्या उष्णतेने भाजून कायमची चिकटू शकते.

कवडसा:

चष्म्यासाठी कॅमेरा काचेच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला किंवा वर धरावा, किंवा त्या व्यक्तीला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावे. प्रकाश ज्या कोनाने काचेवर पडतो त्याच कोनाने परततो, त्यामुळे तो भिंगाऐवजी दुसरीकडे जातो. काचेच्या कपाटाचा किंवा चौकटीतल्या चित्राचा फोटो घेतानाही हेच करावे, सुमारे ४५ अंशांतून. खिडकीच्या काचेतून बाहेरचे काही टिपायचे असेल, तर फ्लॅश बंद करून भिंग काचेला टेकवावे. तेथे फ्लॅशचा काहीच उपयोग नसतो.

रानवारा:

चष्म्याच्या बाबतीत हनुवटी खाली घेण्याचा उपाय लगेच लागू पडला. सर्व उत्तरे एकत्र लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली आहेत. तंत्रज्ञाकडे जाण्याची आता गरज वाटत नाही. पुन्हा सर्वांचे आभार.